सात नको, बारा हवा

प्रति,
सरपंच, उपसरपंच आणि सदस्य, ग्रामपंचायत वलगाव,
तसेच ग्रामसभेला येणारे व न येणारे सगळे गावकरी,



येत्या १ मेच्या ग्रामसभेत एक विषय घ्यावा, म्हणून हे पत्र. गावच्या मालकीच्या जागेतून दहा गुंठे सेंद्रिय भाजीबागेसाठी काढून द्यावेत. बचत गटांच्या बायांनी ती बाग करावी. निघालेला भाजीपाला आधी त्यांच्या घरी जावा, मग अंगणवाडीत आणि शाळेच्या खिचडीत, आणि त्यातून उरला तर बाजारात. इथपर्यंत कोणाची हरकत निघेल असं वाटत नाही. भाजीबागेला नाही कोण म्हणतं? उद्घाटनाचे फोटो चांगले येतात. भांडण होईल ते पुढच्या अटींवर, आणि बाग लावल्यावर भांडण्यापेक्षा आधीच भांडून घेतलेलं बरं. म्हणून अर्ज न देता उघडं पत्र लिहितो आहे.

अटी दोनच. जागा अकरा महिन्यांच्या कराराने देऊ नका, निदान पाच वर्षं द्या. आणि बागेतले वाफे बायांच्या नावाने वाटू नका. आपल्याला सातबारा चांगला समजतो, म्हणून त्याच हिशेबात सांगतो. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, आणि बारा म्हणजे तिच्यात कोणत्या साली काय पेरलं. आपलं सगळं लक्ष सातवर. फेरफार, वारस, बोजा, वाटण्या, कोर्टकचेऱ्या, सगळं सातसाठी. बारा कोण पाहतो? पीककर्ज काढायचं असलं किंवा नुकसानभरपाई जाहीर झाली की तेवढ्यापुरता. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि तो मोबाइलात गेला. धुऱ्यावर उभं राहून फोटो काढला की काम झालं. पण जमिनीवर काय काय गुदरलं ते बारामध्येच लिहिलेलं असतं. ह्या बागेला सात नको, कोणाचंच नाव नको. बारा मात्र हवा, आणि तो वाफ्यावाफ्याचा हवा.

हे सगळं फेरपालटीसाठी.

फेरपालट वऱ्हाडाला कोणी शिकवावी अशी गोष्ट नाही. यंदा पऱ्हाटी त्या वावरात पुढच्या साली ज्वारी, ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी. पऱ्हाटीच्या मध्ये तुरीच्या ओळी, मूग-उडीद, आणि बायांनी पदरातून टाकलेली अंबाडी, बरबटी, तीळ, वाळकं. कोणत्या साहेबाने हे आखून दिलं नव्हतं. बैलाला कडबा लागायचा, घरात भाकर ज्वारीची होती, आणि ज्वारीच्या बेवडावर पुढचं पीक सुधारतं हे डोळ्यांना दिसायचं. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत १९८०च्या दशकात प्रयोग झाले, त्यांत हेच निघालं: मर रोगाने धरलेल्या जमिनीत एक वर्ष ज्वारी घेतली, किंवा तुरीसोबत ज्वारी मिसळून पेरली, तर तुरीची मर बरीच खाली येते. म्हाताऱ्यांना बुरशीचं नाव ठाऊक नव्हतं, तोड ठाऊक होती.

मग बैल गेले, कडबा नको झाला. ताटात भाकरीच्या जागी पोळी आली. उरलेली ज्वारी रानडुकरांनी संपवली. तिच्या जागी सोयाबीन आलं. आता खरिपात सोयाबीन, त्यावर रब्बीत हरभरा, आणि पुढच्या खरिपात पुन्हा सोयाबीन. विचारलं तर उत्तर येतं, पीक बदलतो नं आम्ही! बदललं काय? दोन्ही शेंगांच्याच कुळातली. घर तेच, खोली तेवढी बदलली. मानकूज करणारी बुरशी मोहरीच्या दाण्यासारख्या तपकिरी गाठी करून मातीत दडून राहते, ती सोयाबीनवर जगते आणि हरभऱ्यावरही. तिचं दोन्ही हंगामांत भागतं.

वावरातली ही गोष्ट भाजीबागेत आणखी घट्ट होते, कारण जागा थोडी आणि पिकं पंधरा-वीस. पिकं पंधरा असली तरी कुळं चार-पाचच असतात. वांगे, टमाटर, मिरची आणि आलू एका कुळातले. दोडके, कारले, ढेमस, काकडी, कोहळं एका कुळातलं. फुलकोबी, पत्ताकोबी, मुळा आणि मोहरी एक. बरबटी, गवार, वाल, मेथी आणि हरभरा एक. कांदा-लसणाचं वेगळं. टमाटर काढून त्याच वाफ्यात वांगे लावले तर बाईला वाटतं पीक बदललं, मातीतल्या बुरशीला काहीच कळत नाही.

वलगावच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते भेंडीवर. सकाळी भेंडीचं फूल पाहा: पिवळ्या पाकळ्या, तळाशी गर्द जांभळट डाग. मग अंबाडीचं पाहा. मग बाजूच्या वावरात जाऊन पऱ्हाटीचं पाहा. तिघी एकाच कुळातल्या. भेंडीवर तुडतुडे येतात ते कपाशीचेच, पांढरी माशी तीच, आणि शेंगेत शिरणारी ठिपक्यांची अळी म्हणजे बोंडातली ओळखीची बोंडअळी. पुस्तकात फेरपालट लिहिलेली असते ती बागेच्या कुंपणाच्या आतली. आपल्याकडे कुंपणाला लागून कपाशीचं वावर असलं तर बागेत भेंडी फिरवून उपयोग थोडा. भेंडी कपाशीपासून दूरच्या टोकाला ठेवावी लागेल, मध्ये मक्याच्या किंवा ज्वारीच्या दाट ओळी उभ्या कराव्या लागतील, आणि धुऱ्यावरची पेटारी उपटावी लागेल, कारण तीही ह्यांचीच नातेवाईक. जी जागा आपण द्याल ती कोणत्या पिकाच्या शेजारची आहे हे पाहूनच द्या, एवढं मागणं ह्यातून निघतं. मागच्या साली तिथे स्वतः कपाशी होती का, हेही विचारून घ्या.

आता वांग्याकडे येतो. खरं भांडण तिथे आहे.

वऱ्हाडात वांगे म्हणजे भाजी नव्हे, वांगे म्हणजे पंगत. रोडग्यासोबत वांगे, लग्नात वांगे, तेरवीला वांगे. उद्या बाग सुरू झाली आणि कोणाला काय लावायचं हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं तर अर्धी बाग वांग्याची होणार आणि उरलेल्या अर्ध्यात टमाटर-मिरची. म्हणजे अख्खी बाग एका कुळाची. पहिल्या वर्षी पीक दणकून येईल. दुसऱ्या वर्षी कुठे कुठे झाडं दुपारी माना टाकतील आणि संध्याकाळी सावरतील. तिसऱ्या वर्षी सावरणार नाहीत. उपटून पाहिलं तर मुळांवर गाठी दिसतील. सूत्रकृमीच्या ह्या गाठी मुळातच भरलेल्या असतात, नखाने खरवडल्या तरी सुटत नाहीत. तोवर सगळ्यांचं म्हणणं झालेलं असेल की सेंद्रियात काही राहिलं नाही, दुकानातून औषध आणा.

म्हणून वांगे-टमाटर-मिरचीला बागेचा चौथाच भाग, आणि तो भाग दरवर्षी सरकणारा. एकदा वांगे जिथे झाले तिथे पुढची तीन वर्षं वांगे नाही, टमाटर नाही, मिरची नाही. ठरावात शब्दाला शब्द असा लिहून घ्या, नाहीतर मिरची अलगद आत येते.

ह्याहून अवघड गोष्ट उपटण्याची आहे. आषाढात लावलेलं वांगं माघापर्यंत फळतं, मग दमतं. फळ वाकडं, छोटं, देठाजवळ अळीचं भोक. पण फुलं अजून असतात. "अजून लागून राहिले नं बाई, कायले उपटता?" हे वाक्य प्रत्येक बागेत ऐकू येणार. छाटणी करून, पाणी देऊन उन्हाळ्यात तेच झाड पुन्हा फळवायचा मोह होतो, आणि शेंडा-फळ पोखरणारी अळी त्या झाडांवर आरामात उन्हाळा काढते. आपल्याला हे नवं नाही. कपाशीची फरदड म्हणजे दुसरं काय होतं? दोन वेचे जास्त मिळतात म्हणून पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली, शेंदरी बोंडअळीला बारा महिने खायला मिळालं, आणि २०१७ साली विदर्भभर बोंडं किडकी निघाली. तेव्हापासून डिसेंबरअखेर वावर मोकळं करा म्हणून विद्यापीठ आणि कृषी खातं सांगत आलं आहे. वांग्याची फरदड भाजीबागेत नको. फळणारं झाड उपटायला एकटीचा हात चालत नाही. ते सगळ्यांनी एका दिवशी करायचं काम आहे. होळीच्या आत वांगे निघालेच पाहिजेत, अशी तारीख बांधून टाका.

इथे वाफे वाटून देण्याचा प्रश्न येतो. वाटून दिले तर प्रत्येक बाई आपल्या वाफ्याची नीट काळजी घेईल, सगळ्यांचं म्हटलं की ते कोणाचंच राहत नाही, असा आक्षेप येईल. आक्षेप खोटा नाही. इंग्लंडात गावच्या जमिनीचे तुकडे घरटी भाजीसाठी देण्याची जुनी चाल आहे, १९०८ साली तिचा मोठा कायदाही झाला. तिथे ज्याचा तुकडा त्याची फेरपालट, आणि ते चालतं. पण तिथल्या तुकड्याचं माप पाहा. जुन्या हिशेबाने तो दहा रॉडचा, म्हणजे एकराचा सोळावा भाग, म्हणजे बरोबर अडीच गुंठे. अडीच गुंठ्यांत एका घराला चार भाग पाडून पिकं फिरवता येतात. आपल्या दहा गुंठ्यांत चाळीस बाया घ्या, रस्ते-पाट सोडून एकेकीला येतील दोन वाफे. दोन वाफ्यांत काय फिरवणार? वांगे डाव्या वाफ्यातून उजव्या वाफ्यात नेणार, मध्ये वीतभर वरंबा. सूत्रकृमी पाण्याच्या दांडातून एका रात्रीत पलीकडे येतात, पावड्याला चिकटलेल्या मातीतूनही येतात. आणि एकीने फेरपालट पाळली, शेजारणीने नाही पाळली, तर पाळणारीची मेहनत वाया.

म्हणून माझी सूचना अशी की बाईला जमीन देऊ नका, पीक द्या. दहा गुंठ्यांचे चार पट्टे करा, अडीच अडीच गुंठ्यांचे, मध्ये चालायला धुरा आणि प्रत्येक पट्ट्याला पाण्याचा वेगळा दांड. बायांचे चार चमू करा. एक चमू वांगे-टमाटर-मिरचीचा, एक शेंगांचा, एक वेलांचा, एक पाल्याचा आणि कोबीचा. वांग्यावाल्या बाया पहिल्या वर्षी पहिल्या पट्ट्यात असतील, दुसऱ्या वर्षी दुसऱ्यात. पिकासोबत त्याही सरकतील. जबाबदारी राहिली, आणि माती कोणाच्या नावाने अडकली नाही. भाजीची वाटणी हजेरीवर. ज्या पट्ट्यात मर दिसली त्याला पाणी सगळ्यात शेवटी द्यायचं आणि पावडं धुऊन ठेवायचं, एवढी शिस्त चारही चमूंच्या अंगी बसली तरी पुष्कळ.

पट्ट्यांचा क्रम काय असावा हे बाया माझ्याहून चांगलं ठरवतील, पण सुरुवातीला हा घ्या. शेंगांच्या मागे वांगे, वांग्यामागे कोबी आणि पालेभाज्या, त्यामागे वेल आणि रब्बीत त्याच पट्ट्यात कांदा-लसूण, मग पुन्हा शेंगा. खत सगळीकडे सारखं टाकू नका. कुजलेलं शेणखत किंवा नाडेप टाक्यातलं खत वांग्याला आणि कोबीला भरपूर, शेंगांना जवळपास काही नाही. नाडेप आपलंच आहे, पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांच्या आद्याक्षरांचं. जाळीदार विटांची ती टाकी बागेच्या कोपऱ्यात एक असावी, चार महिन्यांत खत हाताला लागतं. मुळे-गाजरं ताज्या खताच्या वाफ्यात लावली तर फाटे फुटतात; तसंही आपल्या काळ्या कन्हार जमिनीत गाजर सरळ उतरायला कुरकुर करतं, तेव्हा त्याचा नाद थोडा ठेवा. खरिपात पाणी साचतं, म्हणून पावसाळी भाजी सगळी वरंब्यावर किंवा गादीवाफ्यावर. कोबीच्या पट्ट्यात रब्बीच्या आधी खरिपात काय, हा प्रश्न येईल. तिथे कडेच्या थोड्या भागात भेंडी-अंबाडी, आणि उरलेल्यात ढेंचा किंवा बोरू पेरून चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, काड्या कडक व्हायच्या आत, मातीत गाडा.

शेंगांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यांच्या नावावर फार काही खपवलं जातं. बरबटीचं फुलावर आलेलं एखादं झाड ओल्या मातीतून अलगद, ढेकळासकट उचला. मुळांच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी चिकटलेल्या दिसतील. सूत्रकृमीच्या गाठींसारख्या ह्या मुळात भरलेल्या नसतात, बोटाने सुटून येतात. एक गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लालसर रंग असला तर जिवाणू हवेतला नत्र पकडायचं काम करताहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम चालू नाही. अशा वेळी पुढच्या पेरणीला बियाण्याला रायझोबियम लावा. शाळेच्या पोरांना हे दाखवा, पुस्तकातल्या चित्रापेक्षा लवकर कळतं. पण पकडलेल्या नत्रातला मोठा वाटा शेंगांत जातो, आणि शेंगा आपण तोडून खातो. वर झाड मुळासकट उपटून बकरीला टाकलं तर जमिनीला उरलं काय? शेंगा संपल्या की झाड जमिनीलगत विळ्याने कापायचं, मुळं आतच राहू द्यायची, पाला तिथेच पसरायचा. एवढं केलं तरच "शेंगांनी जमीन सुधारते" हे वाक्य खरं.

आणि पाणी तपासून घ्या. आपली पेढी पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. खाली भातकुली-दर्यापूरकडे बोअरच्या पाण्याची चव सगळ्यांना माहीत आहे. बागेचं पाणी मचूळ निघालं तर शेंगांच्या पट्ट्यात घेवडा लावू नका, मिठाला तो सगळ्यात नाजूक. तिथे गवार लावा, ती खारं पाणी बरंच सोसते. बरबटी मधली. फेरपालटीत शेंगांची जागा रिकामी राहू नये, कोणती शेंग ते पाण्याने ठरवावं.

सूत्रकृमीवर झेंडू चालतो, हे ऐकून लोक चार कोपऱ्यांत चार झेंडू लावतात. त्याने कुंपण सुंदर दिसतं. झेंडूच्या मुळांचा परिणाम हवा असेल तर ज्या मातीत गाठी दिसल्या त्या सगळ्या मातीत दोन-अडीच महिने दाट झेंडू उभा राहिला पाहिजे. आपल्याला ते सोयीचंच आहे. जुलैत लागवड केली की दसऱ्याला तोडा येतो, आणि दसऱ्याला अमरावतीच्या बाजारात झेंडूचं काय होतं ते मी सांगायला नको. आजारी पट्ट्याला एक खरीप झेंडू, आणि बियाण्याचा खर्च त्यातून.

एवढं लिहिल्यावर फेरपालटीने काय होत नाही तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या वर्षी मला पंचायतीत बोलावाल. उडणाऱ्या किडीला पन्नास फूट म्हणजे काहीच नाही. पांढरी माशी, वांग्याच्या अळीचा पतंग, कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग, ह्यांना पट्टा बदलल्याने फरक पडत नाही. त्यांच्यासाठी कामगंध सापळे, निंबोळी अर्क, किडके शेंडे रोज खुडून पुरणं, आणि कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, ही वेगळी कामं आहेत. मर रोगाची बुरशीही चार वर्षांत मरत नाही, मातीत बरीच वर्षं तग धरते. फेरपालटीने तिची संख्या कमी होते, तेवढ्यात आपलं पीक निघून जातं. सेंद्रिय बागेत मातीतल्या रोगावर मारायला हातात फारसं काही नसतं, म्हणून तिथे फेरपालटीचं वजन जास्त.

आता पाच वर्षांकडे या. चार पट्टे म्हणजे एक फेरा पुरा व्हायला चार वर्षं लागतात, आणि फेऱ्याचा गुण आला की नाही हे पाचव्या वर्षी, वांगे पहिल्या पट्ट्यात परत आल्यावर कळतं. अकरा महिन्यांच्या करारावर बाई शेंगा का लावेल? शेंगांचा फायदा पुढच्या साली, आणि पुढच्या साली ती जागा तिच्याकडे असेल याचा भरवसा नाही. ती वांगेच लावणार, तिच्या जागी कोणीही लावेल. गावोगावच्या शाळांच्या परसबागांचंही असंच होतं. केंद्राने २०१९ साली शाळांतल्या पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, बागा झाल्याही. पण गुरुजींची बदली झाली की मागच्या वर्षी काय कुठे होतं ते डोक्यातून जातं, आणि नवे गुरुजी नळाजवळच्या त्याच वाफ्यात पुन्हा टमाटर लावतात. लातूर-धाराशिव भागात स्वयम् शिक्षण प्रयोगाने बायांची एक एकर शेती उभी केली, तिला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तिथे बाईने घरच्यांशी बोलून घरच्याच जमिनीतला तुकडा आपल्या हातात घेतला, कडधान्य, भरडधान्य, भाजी मिसळून पेरली. जमीन पुढच्या वर्षीही तिच्याकडेच होती, म्हणून तिला पुढच्या वर्षाचा विचार करता आला. ज्यांना घरची जमीन नाही त्या बायांना एवढी हमी फक्त ग्रामपंचायत देऊ शकते. पाच वर्षांची मुदत नियमात कशी बसवायची, परवानगी कोणाची लागेल, ते ग्रामसेवक पाहतील. पदाचं नाव आता बदललं आहे, पण गावाच्या तोंडी ग्रामसेवकच आहेत आणि कागद त्यांनाच करायचा आहे.

आणि आता बारा, म्हणजे बागेची नोंद. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या एका शेतात १८४३ पासून गव्हाचा एकच प्रयोग चालू आहे. काही भागात गव्हावर गहू, काही भागात फेरपालट, आणि फेरपालटीतला गहू जास्त उतरतो. आपल्या अकोल्याच्या विद्यापीठातही काळ्या जमिनीवर ज्वारी-गव्हाच्या क्रमावर १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून दीर्घ मुदतीचा खतांचा प्रयोग चालू आहे. माणसं निवृत्त झाली, नवी आली, नोंद तुटली नाही म्हणून प्रयोग टिकला. आपल्या बागेत शास्त्र नको, एक वही पुरे. पट्ट्याचं चित्र, वाफ्याचा नंबर, लावल्याची तारीख, उपटल्याची तारीख, मूळ कसं निघालं, किती किलो भाजी निघाली. लिहिता येत नसेल त्या बाईने सांगावं, शाळेतल्या पोरीने लिहावं. वही बचत गटाच्या अध्यक्षांच्या घरी नको, कारण अध्यक्ष बदलतात. ती पंचायतीच्या कपाटात राहावी आणि दर ग्रामसभेत दोन मिनिटं तिच्यातलं पान वाचलं जावं.

गाडगेबाबांचं नाव मी मुद्दाम इतका वेळ घेतलं नव्हतं. आपल्या गावात प्रत्येक अर्जाच्या पहिल्या ओळीत ते येतं आणि तिथेच राहतं. २० डिसेंबर १९५६ ला पेढीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला म्हणून वलगाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्याच्या कितीतरी आधी दापुऱ्याला मामाच्या शेतात राबणारा डेबूजी होता, आणि पुढे त्याने धर्मशाळा बांधल्या त्या स्वतःसाठी नव्हत्या. बागेला बाबांचं नाव द्यायचं असेल तर द्या, पण मग वाफ्यांवर पाट्या लावू नका.

शेवटची विनंती वेळेची. नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिला सभा व्हायला पाहिजे. आपल्याकडे ती किती खरी होते ते आपण सगळे जाणतो. यंदा ती खरी घ्या आणि हा विषय तिथे आधी मांडा. पट्टे कोणी करायचे, चमू कसे पाडायचे, होळीच्या आत वांगे उपटायचे की संक्रांतीलाच, हे ज्या उपटणार आहेत त्यांनी ठरवावं; १ मेला ग्रामसभेने त्यावर फक्त शिक्कामोर्तब करावं. मृगाला वांग्याचं रोप टाकायचं असेल तर मे संपायच्या आत जागा नांगरून, वखरून, मोजून हाती यायला हवी. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत विषय लांबला तर यंदाचा खरीप गेला, आणि फेऱ्याचं पहिलं वर्षही.

आपला,
एक गावकरी,
वलगाव, जि. अमरावती